सातव्या जोडाचा आकडा

पप्पूच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढं एक बाई उभी होती, आणि पप्पूनं मशीनच्या काचेवर जो कागद पालथा घातला त्यावर माझं अक्षर होतं. आधी मला ते खरंच वाटेना. परभणीच्या बसस्टँडसमोरच्या त्या दुकानात सातबारा येतो, आधारकार्ड येतं, पोरांचे मार्कमेमो येतात. मी स्वतः हयातीच्या दाखल्यासाठी कागद काढायला गेलो होतो. आपण जिवंत आहोत हे दरसाल नोव्हेंबरात दाखवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. पण मशीनमधून एकामागं एक प्रती बाहेर पडत होत्या आणि प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्यात माझी सही होती, आणि सहीच्या वर चौकटीत आकडा होता, २.१. पप्पू म्हणाला, "मावशी, धाच काढायच्या ना?" बाई म्हणाली, "धाच. नीट येऊ दे बाबा, आकडा पुसट नको." आवाज ओळखीचा होता. मागच्या मागं निघून जावं म्हणून मी पाय उचललाही होता. पण उचललेला पाय मी परत खाली ठेवला. मी तिथंच खांबासारखा उभा राहिलो, आणि ती वळली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात शिवदोरा, हातात कापडी पिशवी. महादेवी.

"अगं बाई, मल्लेशअण्णा," ती म्हणाली. "शरणु शरणार्थी. तुमचाच पत्ता हुडकायलोत आमी दोघी मायलेकी. रिटायर होऊन परभणीला आलाव म्हणून कळलं, पण गाठच पडंना." मी शरणार्थ म्हणालो. तब्येत, बायको लेकीकडं गेलीय, फ्लॅट कुठं घेतला, असलं चार वाक्यांचं बोलणं झालं, आणि मी मनात म्हणत होतो की मल्लेश, आठ महिने झाले, हिचं पेडगाव इथून एका ऑटोच्या अंतरावर आणि तू एकदाही गेला नाहीस, हे बाईला कळत नसेल का. तिला ते कळलेलं दिसत नव्हतं. चांगल्या माणसांचा मला कधीकधी राग येतो तो यासाठी. त्यांच्यापुढं आपल्याला चोरासारखंही वागता येत नाही. "चला घरी," ती म्हणाली. "देवानंच गाठ घातली बघा. ईश्वरीला बेस्तवारी मुलाखतीला जायचंय, आणि तुमच्या सहीबिगर तिचं अडायलंय." मी काहीतरी काम सांगणार होतो. सांगितलं नाही. पप्पूनं धा प्रती तिच्या हातात दिल्या, तिनं त्या छातीशी धरल्या, आणि आम्ही पेडगावच्या ऑटोत बसलो.

महादेवी गंगाखेडची, आमच्याच गल्लीतली. तिचा बाप आणि माझा बाप गुरुसिद्धप्पा एकाच मठात बसायचे. लग्न होऊन ती पेडगावला गेली, नवरा लवकर गेला, तिनं घराच्या पुढच्या खोलीत किराणा टाकला आणि त्यावर ईश्वरीला वाढवलं. पोरीनं आयटीआय केलं, वायरमनचं. हात असा, की डाग देताना कथिलाचा एक थेंब इकडंतिकडं नाही. मीच तिला पुण्याजवळच्या आमच्या कारखान्यात लावली. गावाकडं माझं लय नाव झालं त्यामुळं. मल्लेशअण्णानं परक्याच्या पोरीला लाइनीला लावलं, असं म्हणायचे लोक, आणि मी ते ऐकून घ्यायचो, नको नको म्हणत ऐकून घ्यायचो.

ऑटो पुलावरून गेली. महादेवी ऑटोवाल्याशी कापसाच्या वेचणीचं बोलत होती आणि मांडीवरच्या कागदांवर तळहात ठेवून होती, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. मला तो हात बघवत नव्हता. मी बाहेर बघायला लागलो तर बाहेर तुरी होत्या, पिवळ्या पडलेल्या, आणि माझ्या डोक्यात हेलियमची टाकी. बावीस वर्षं मी एकच काम केलं, जोड तपासायचं. कुणी विचारलं की सांगायचो, चुंबकाच्या कारखान्यात आहे, आणि माणूस म्हणायचा, हां, म्हणजे स्पीकरचे लोहचुंबक. मी हो म्हणून सोडून द्यायचो. आमचं चुंबक म्हणजे तारेची वेटोळी, माणसाच्या उंचीची, आणि ती हेलियममध्ये बुडवून शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत नेलेली. एवढ्या थंडीत त्या तारेला अडथळा म्हणून राहत नाही. करंट एकदा आत गेला की फिरत राहतो, झिजत नाही, तापत नाही. मला त्या गोष्टीचं बावीस वर्षं नवल वाटलं. पण एवढी लांब तार एका तुकड्यात मिळत नाही, म्हणून वेटोळ्याला वेटोळं जोडावं लागतं, आणि जे काही बिघडायचं ते त्या जोडावर बिघडतं. कथिल नीट पसरलं नसेल, आत पोकळी राहिली असेल, तर जोड तापतो, शेजारची तार तापते, हेलियम उकळून वाफ होतं आणि चुंबक जळतं. म्हणून प्रत्येक जोड आधी एकट्यानं टाकीत बुडवायचा, चार हजार अँपिअर करंट सोडायचा आणि अडथळा मोजायचा. एका ओहमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले पाच, इथवर चालतं. सहा झाले की जोड उकलून नव्यानं करायचा. त्यात कुणाचा अपमान नसतो. पंधरा जोडांत एखाददुसरा उकलावाच लागतो.

आता इतकी बारीक गोष्ट मोजायची तर यंत्रसुद्धा थोडं खोटं बोलतं. मोजायच्या तारांचं एक टोक त्या थंडीत, दुसरं टोक आपल्या खोलीत. नुसत्या त्या फरकानंच आकड्यात भर पडते किंवा घट होते. त्यावर उपाय साधा आहे. एकदा करंट सुलटा सोडायचा, आकडा घ्यायचा. मग करंट उतरवून, दहा मिनिटं थांबून, उलटा सोडायचा, पुन्हा आकडा घ्यायचा. दोन्हींचा मेळ घातला की यंत्राचं खोटं आपोआप गळून जातं आणि जोडाचं खरं तेवढं उरतं. नुसत्या सुलट्या आकड्याला काही किंमत नाही. मी हे नव्या पोरांना शिकवायचो. ईश्वरीलाही मीच शिकवलं. तिला म्हणालो होतो, पोरी, एका बाजूनं विचारून माणसाचंसुद्धा खरं कळत नाही. ती हसली होती आणि वहीत लिहून घेतलं होतं.

सातवा जोड ईश्वरीनं केलेला. त्या दिवशी मी सुलटा आकडा घेतला, आठ पॉइंट चार मायक्रोव्होल्ट, करंट उतरवला आणि दहा मिनिटं थांबलो. थांबताना हात सवयीनं छातीवर गेला. छातीवर लिंग नव्हतं, आम्ही लिंगायत जन्मभर गळ्यात बाळगतो ते. ते नसणारच होतं. टाकीजवळ जाताना अंगावर धातू नको असा नियम, घड्याळ नको, पट्टा नको, किल्ल्या नकोत. लिंगाची डबी चांदीची, चांदी चुंबकाला चिकटत नाही हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत? पण विचारायचं कुणाला, आणि काय म्हणून विचारायचं? साहेब, माझा देव गळ्यात राहू द्या म्हणून? लाजेखातर मी बावीस वर्षं रोज सकाळी लिंग काढून ड्रॉवरमध्ये ठेवत आलो आणि संध्याकाळी परत गळ्यात घालत आलो. माझ्या बापाला हे कळलं असतं तर त्यानं माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं. तो म्हणायचा, गळ्यातलं लिंग गेलं की गळाच गेला समज. मेल्यावर त्याला आम्ही बसवून माती दिली, डाव्या तळहातावर लिंग देऊन, आणि माती टाकताना मी त्या तळहाताकडं बघत होतो. मुठीत माती शिरत होती पण मूठ काही उघडली नाही. मी फार भाविक आहे असं नाही. पूजा करतो, पण उरकतो. तरी त्या दिवशी हात छातीवर गेला आणि का कोण जाणे वाटलं, जरा बघून यावं. दहा मिनिटं आहेतच. ड्रॉवर उघडला तर लिंग नाही.

पुढं मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ड्रॉवर बाहेर ओढून पालथा केला. शेजारच्या माणसाचा ड्रॉवर बघितला. कचऱ्याची टोपली उपसली. झाडणाऱ्या बाईला विचारलं ते असं विचारलं, की ती रडायला लागली, मी न्हाई घेतलं साहेब म्हणून. माझं शिक्षण, माझी बावीस वर्षं, सगळं कुठल्या कुठं गेलं आणि मी गंगाखेडच्या मठातला आठ वर्षांचा पोरगा झालो, स्वामीनं दीक्षा देताना कानात काहीतरी सांगितलेला, आणि जे सांगितलं ते आता आठवत नसलेला. लिंग हरवलं तर जेवायचं नसतं, नवं मिळेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नसतं, जुने लोक तर जीव द्यायचे म्हणतात. मी जीव देणार नव्हतो. पण उद्या सकाळी उठून मी कोण असणार हे मला कळत नव्हतं. दीड तास हुडकलं. मग गाड्यांच्या शेडमध्ये, माझ्या मोटरसायकलला अडकवलेल्या डब्याच्या पिशवीत, बाजूच्या खिशात, रुमालात गुंडाळलेलं सापडलं. ड्रॉवरचं कुलूप मोडलं होतं म्हणून सकाळी मीच तिथं ठेवलं होतं. स्वतःच्या हातानं ठेवलं आणि विसरलो. शेडमध्ये उभा राहून मी रडलो, आणि ते रडणं आनंदाचं होतं, हे मी लपवत नाही.

परत आलो तेव्हा टाकीतलं हेलियम जोडाच्या खाली उतरलं होतं. वाफ होऊन जात असतं ते, कुणासाठी थांबत नाही. दुसरी टाकी यायला नऊ दिवस. सगळे जेवायला गेलेले. उलट्या करंटची चौकट रिकामी होती. मी पेन घेतलं आणि उणे आठ पॉइंट तीन लिहिलं. अगदी आठ पॉइंट चार लिहिलं असतं तर डोळ्यांत आलं असतं, म्हणून शेवटचा अंक एकानं कमी केला. एवढी अक्कल त्या वेळी शाबूत होती माझी. हिशोब आला २.१. पंधरा जोडांतला सगळ्यात कमी. इतका कमी आकडा बघून एरवी मीच शंका घेतली असती. पण मी इतका खुशीत होतो, शर्टाच्या आत लिंग परत लागत होतं, नियम मोडून लागत होतं, आणि जग मला चांगलं वाटत होतं. ईश्वरीला बोलावून मी कागद दाखवला, त्याची एक प्रत तिला ठेवायला दिली. ती म्हणाली, "काका, दोन पॉइंट एक?" मी म्हणालो, तुझ्या हाताला तोड नाही पोरी.

चार महिन्यांनी सगळं चुंबक बांधून थंड केलं, त्यात वीस दिवस गेले, आणि करंट अर्ध्यावर असताना सातव्या जोडावर तापलं. मोठा आवाज होतो म्हणतात लोक. आवाज फार होत नाही, वाफेचा एक लांब सुस्कारा येतो आणि संपतं. उकलून बघितलं तेव्हा सातवा जोड इतका वितळला होता की आत पोकळी आधीपासून होती की जळून झाली हे कुणालाच सांगता येईना. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, चाचणीत काही शंका होती का? मी नाही म्हणालो. चाचणी बरोबर, म्हणजे जोड नंतर सुटला, म्हणजे डागकाम कच्चं. ईश्वरीला काढलं. अनुभवाचा दाखला दिला नाही. नाही हा एक शब्द बोलायला मला एक क्षणही लागला नाही, आणि तेव्हापासून मी दुसरा शब्द हुडकतो आहे. सांगायचं तर काय सांगायचं? की पन्नाशी ओलांडलेला माणूस चार हजार अँपिअरची चाचणी टाकून देव हुडकत फिरत होता? तिथले लोक हसले असते. मला हसण्याची भीती वाटली. पोरीची नोकरी एकीकडं आणि माझं हसं दुसरीकडं, आणि मी तराजूत हसं जड धरलं.

पेडगावात उतरलो. घराच्या पुढच्या खोलीत ईश्वरी साखर तोलत होती. मला बघितलं आणि तागडी तशीच ठेवून आली, वाकली, पायाला हात लावला. "शरणु, काका." वाळली होती. अंगठ्यावर डागाचा नवा चटका दिसला. म्हणजे घरी सराव करत असणार. तांब्याभर पाणी आलं, चहा आला, महादेवीनं प्रती चटईवर मांडल्या. प्रत्येकीवर ईश्वरीनं वर आधीच स्वच्छ अक्षरात लिहून ठेवायला सुरुवात केली, सत्यप्रत. "काका, नाशिककडचा कारखाना हाय," ती लिहिता लिहिता म्हणाली. "ट्रान्सफॉर्मरचा. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. चुंबक जळालं हेबी सांगितलं. त्यांचे साहेब म्हणले, जोड तुझ्या हातातून निघाला तेव्हा कसा होता ते दाखव, आणि ज्यानं तपासला त्याची सही आण. म्हणलं, आणते. दोन पॉइंट एक हाय माझा." हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर जे होतं त्याला आमच्याकडं उजेड म्हणतात. महादेवी म्हणाली, "गावात लय बोलतेत अण्णा, पोरीनं मशीन जाळलं म्हणून. ही कुणालाच काही म्हणत न्हाई. नुसता हा कागद काढून बघत बसते. मी म्हणते, जेव तरी."

तेव्हा मी बोललो. पेन हातात होतं आणि मी बोललो. धाडस म्हणून नाही, मला तो उजेड सहन होईना म्हणून. ड्रॉवर, डब्याची पिशवी, झाडणारी बाई, शेड, रिकामी चौकट, सगळं सांगितलं. माझा आवाज मला मठात पोथी वाचल्यासारखा ऐकू येत होता. संपलं तेव्हा महादेवीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि मला जरा हलकं वाटायला लागलं. तिनं हात जोडले. "लिंगापुढं काय हाय अण्णा," ती म्हणाली. "मशीन आज हाय, उद्या न्हाई. दीड तास जीव टाकून हुडकलाव. गुरुसिद्धप्पाचं पोर शोभताव. ऐकलं का गं ईश्वरी, ह्याला निष्ठा म्हणतेत." आणि ती आत गेली, मला जेवूनच जावं लागेल म्हणून, भाकरीचं पीठ काढायला.

खोलीत आम्ही दोघं राहिलो. तिच्या आईला काय कळलं नाही ते तिला कळलं होतं. मीच तर शिकवलं होतं. ती कागदाकडं बघत म्हणाली, "उलटा करंट लावलाच न्हाई?"

"नाही."

"मग हे उणे आठ पॉइंट तीन?"

"मी लिहिलं."

तिनं बोट त्या चौकटीवर ठेवलं, जणू पुसून बघत होती. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक आलं, काडेपेटी मागितली, तिनं उठून दिली, परत येऊन तिथंच बसली. मी म्हणालो, "ईश्वरी, चूक माझी आहे. मी कारखान्याला लिहून देतो. तुझ्यावरचा डाग जाईल." हे वाक्य मी आठ महिने घोकलं होतं. ते ऐकून ती सुटेल असं मला वाटायचं. घरी, भिंतीकडं बघत, ती सुटलेली मला दिसायची. ती म्हणाली, "कसा जाईल, काका? तुमी नीट तपासला असता तर तो वाईटच निघाला असता, असं म्हणतील ना?" मी पेनचं टोपण लावलं. "का चांगला निघाला असता?" मग तिनं सरळ विचारलं, लहान पोर विचारतं तसं, माझ्या डोळ्यांत बघून. "माझा जोड चांगला होता का वाईट?"

मी या एका प्रश्नाचा विचार कधी केला नव्हता. सगळे विचार माझ्या पापाचे केले होते, त्याचे तोलमाप, त्याचं प्रायश्चित्त. तिचा जोड कसा होता हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन असेल. चार असेल. दहा असेल. तो वितळला, कुणी परत मोजू शकत नाही, आणि मोजायची जी एक वेळ होती ती मी शेडमध्ये घालवली. पोरगी वर्षभर त्या आकड्यावर उभी होती. गाव काय बोलतं, साहेब काय बोलले, त्यावर तिचं एकच उत्तर होतं की माझ्या हातातून निघाला तेव्हा तो चांगला होता. आणि मी मन मोकळं करायला आलो आणि तिच्या पायाखालची तेवढीच फळी काढून घेतली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "मला माहीत नाही." बावीस वर्षांत दिलेला हा माझा सगळ्यात अचूक निकाल असेल.

तागडीत साखर तशीच होती, तिच्यावर मुंग्या चढल्या होत्या, ईश्वरीनं एक मुंगी नखानं बाजूला केली. मग उरलेल्या प्रतींवर तिनं सत्यप्रत लिहिलं, पहिल्यांसारख्याच स्वच्छ अक्षरात, आणि धाही कागद माझ्यापुढं सारले. "सही करा, काका." मी तिच्याकडं बघितलं. "ईश्वरी, हे खोटं आहे." ती म्हणाली, "आता ठाऊक हाय मला. आधी ठाऊक नव्हतं." यात राग नव्हता. राग असता तर मी तो डोक्यावर घेऊन परभणीला गेलो असतो. "पोटाला लागतंय. आईचं किती दिवस खाऊ? करा सही, बेस्तवारी जायचंय."

मी सही केली. धा वेळा केली. म चा फाटा धाही वेळा होता तसाच आला. शर्टाच्या आत लिंग छातीला लागत होतं, आणि मला बापाची ती मिटलेली मूठ आठवली, आणि आठवून काही झालं नाही. महादेवीनं हाक मारली, पानं घेतली म्हणून. ईश्वरीनं कागद एकसारखे करून पिशवीत घातले आणि भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणाली, "दोन पॉइंट एक." जरा थांबली, पुन्हा म्हणाली, कुणी विचारलं तर कसं म्हणायचं ते बसवून बघत. दुसऱ्यांदा शेवटाला आवाज किंचित कापला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा अजिबात कापला नाही.